हिवाळ्याच्या तोंडावर पिण्याच्या विहिरीची निगा

पावसाळा सरला की विहिरी तुडुंब भरतात आणि घरातील माणसे पाण्याविषयी निर्धास्त होतात. वस्तुतः पिण्याच्या विहिरीकडे लक्ष देण्याची हीच वेळ होय. पावसाळ्यात उकिरडे, गोठे व शोषखड्डे यांतील घाण जमिनीत मुरते आणि बांधकामातील फटींतून विहिरीत उतरते. पाणी निवळले म्हणजे ते निर्दोष झाले असे समजू नये. विषमज्वर, कावीळ व अतिसार यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

कार्तिकात पाण्याची पातळी उतरू लागली की प्रथम बांधकाम तपासावे. सांध्यांतून ओल झिरपत असेल, शेवाळाचे पट्टे दिसत असतील किंवा झाडाची मुळे आत आली असतील, तर तेथून वरचे पाणी शिरते हे ओळखावे. मुळे तोडून सांधे सिमेंटने भरावेत. जमिनीपासून सुमारे ६ मीटर खोलीपर्यंतचे बांधकाम पाणी न झिरपणारे असावे. त्याखालील झरे मात्र बुजवू नयेत. कठडा सुमारे ७५ सेंटिमीटर उंच असावा. सभोवती निदान १ मीटर रुंदीचा, बाहेरच्या बाजूस उतार असलेला ओटा व सांडपाणी दूर नेणारी नाली असावी. संडास व उकिरडा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर आणि जमिनीच्या उताराच्या खालच्या अंगास असावा.

पायविहिरीत उतरून पाणी भरण्याची चाल घातक आहे. नारूचा रोग याच मार्गाने पसरत असे. पायविहिरी बंद करण्याचे व पाणी गाळून पिण्याचे प्रयत्न चिकाटीने झाले, म्हणूनच १९९६ नंतर भारतात त्याचा रुग्ण आढळला नाही आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला.

गाळ काढण्यासाठी माणूस उतरवताना फार सावध राहावे. खोल व न वापरलेल्या विहिरीच्या तळाशी विषारी वायू साचतात. जळता कंदील सोडून पाहण्याची रीत जुनी आहे. तो विझला तर कोणीही उतरू नये, हे खरे. परंतु तो तेवत राहिला म्हणून हवा निर्धोक आहे असे ठरत नाही. पंख्याने हवा खेळवून, कमरेस दोर बांधून व वर किमान दोन माणसे ठेवूनच उतरावे. विहिरीत तेलाचे इंजिन कदापि चालवू नये. आतील माणूस बेशुद्ध झाल्यास त्यास दोरानेच वर ओढावे. वाचविण्यासाठी मागोमाग उतरलेल्या माणसाचाही प्राण जातो.

यानंतर पाणी शुद्ध करावे. व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली (दोन्ही मीटरमध्ये) व ७८५ यांचा गुणाकार केला की पाणी लिटरमध्ये मिळते. व्यास ३ मीटर व पाणी ४ मीटर असल्यास ते २८,२६० लिटर भरते. दर १,००० लिटर स्वच्छ पाण्यास चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर, म्हणजेच टीसीएल, सुमारे २.५ ग्रॅम पुरते. यास्तव येथे सुमारे ७१ ग्रॅम लागेल. बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवून मग पाऊण बादली पाणी घालावे, ढवळावे व दहा मिनिटे निवू द्यावे. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत पाण्याखाली सोडावी व हेलकावे देऊन मिसळावी. खाली बसलेला चुना विहिरीत टाकू नये. त्याने पाणी जड होते. हे काम रात्री पाणी भरणे संपल्यावर करावे आणि निदान एक तास पाणी उपसू नये.

पाणी गढूळ असल्यास मात्रा अधिक लागते. म्हणून तासाभराने क्लोरीनची चाचणी घ्यावी. नवे पाणी झिरपत राहते, त्यामुळे एकदा पावडर टाकून भागत नाही. विहिरीचा व्यास कठड्यावर कोरून ठेवल्यास पुढील वेळी केवळ खोली मोजावी लागेल. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी प्रथम एका विहिरीवर ही कृती करून दाखवावी. पाहिलेली कृती शेतकरी बंधू सहज उचलतात.