क्षरणकारक काडतूस

ज्या काडतुसाच्या प्राइमरमध्ये, म्हणजे बुडाशी बसवलेल्या व आघाताने पेट घेणाऱ्या टोपीमध्ये, पोटॅशियम क्लोरेट हे रसायन असते, त्यास क्षरणकारक काडतूस असे म्हणतात. असे काडतूस डागल्यावर नळीत क्षाराचा सूक्ष्म थर मागे राहतो आणि हवेतील ओलाव्यामुळे पोलाद गंजते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बहुतेक लष्करी काडतुसे या प्रकारची होती. त्यांचे शिल्लक साठे नंतर काही देशांत नागरी बाजारात विकले गेले. आधुनिक अर्धस्वयंचलित रायफलींमध्ये त्यांचा वापर करता येतो. मात्र अशा रायफलींची सफाई जुन्या बोल्ट रायफलींपेक्षा अधिक काळजीपूर्वक करावी लागते.

रासायनिक कारण

घोड्याच्या आघाताने प्राइमर पेटतो, तेव्हा पोटॅशियम क्लोरेटचे विघटन होऊन प्राणवायू मुक्त होतो व पोटॅशियम क्लोराइड उरते. हा पदार्थ गुणधर्माने खाण्याच्या मिठाचा जवळचा भाऊबंद आहे. सापेक्ष आर्द्रता सुमारे ८४ टक्क्यांच्या वर गेली की तो हवेतील पाणी शोषून विरघळू लागतो. या द्रावणातील क्लोराइड आयन पोलादावरील संरक्षक थर भेदतात आणि गंजण्याची क्रिया वेगाने सुरू होते. गंजाचे कारण बंदुकीची दारू नसून प्राइमरमधील क्षार आहे, हे अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समधील विल्बर्ट हफ यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले.

काळ्या दारूच्या काळात हा दोष फारसा लक्षात आला नव्हता. त्या दारूची काजळी इतकी साचत असे की बंदूक पाण्याने धुण्याचा प्रघातच होता, आणि त्या पाण्याबरोबर क्षारही निघून जात असे. धूरविरहित दारू आल्यावर नळी वरकरणी स्वच्छ दिसू लागली, पाण्याऐवजी तेलाचा वापर वाढला आणि गंजाची समस्या प्रकर्षाने जाणवू लागली.

हवामानाचा परिणाम

गंज लागण्याचा वेग स्थानिक हवेवर अवलंबून असतो. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात न धुतलेल्या नळीवर एका रात्रीतही गंज दिसू शकतो. याउलट छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरासारख्या कोरड्या हवेच्या भागात एप्रिल-मे महिन्यांत क्षार नळीत सुकाच पडून राहतो व शस्त्र निर्दोष भासते. जूनमध्ये पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की तोच क्षार सक्रिय होतो. त्यामुळे कोरड्या प्रदेशातही सफाई पुढे ढकलणे धोक्याचे ठरते.

अर्धस्वयंचलित रायफलींतील अडचण

ली-एनफिल्डसारख्या बोल्ट रायफलीत क्षार मुख्यतः नळी, कोठी व बोल्टच्या तोंडावर साचतो. ही सर्व ठिकाणे हाताशी असतात. अर्धस्वयंचलित रायफलीत मात्र नळीतील वायूचा काही भाग एका छिद्रातून वळवून त्याच्या दाबाने पुढील काडतूस भरले जाते. या वायूबरोबर क्षारही वायूछिद्र, दट्ट्या व त्याच्या सिलिंडरपर्यंत पोहोचतो. एआर-१५ जातीच्या रायफलीत तो अरुंद वायूनलिकेतून थेट बोल्ट वाहकात शिरतो. या जागी गंज धरल्यास दट्ट्या अडकणे, काडतूस न भरले जाणे असे दोष उद्भवतात. नळीस आतून क्रोमचा मुलामा असल्यास तिला संरक्षण मिळते. परंतु मुलामा नसलेल्या भागांना त्याचा उपयोग नसतो.

याच कारणास्तव दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन एम-१ कार्बाईनसाठी प्रारंभापासूनच क्षरणरहित प्राइमर वापरण्यात आला. तिचा वायू-दट्ट्या सैनिकाने सहज सुटा करावा अशा रचनेचा नव्हता.

सफाईची पद्धत

पोटॅशियम क्लोराइड तेलात, रॉकेलमध्ये वा पेट्रोलमध्ये विरघळत नाही. पाण्यात सहज विरघळते. १०० मिलिलिटर पाण्यात २० अंश सेल्सियसला सुमारे ३४ ग्रॅम, तर उकळत्या पाण्यात सुमारे ५६ ग्रॅम क्षार मावतो. म्हणून ब्रिटिश सैन्यात नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतण्याची रीत होती. गरम पाण्याचा दुसरा लाभ असा की तापलेली धातू लवकर वाळते.

अमोनियायुक्त काच-स्वच्छकाने क्षार ‘निष्प्रभ’ होतो, हा समज चुकीचा आहे. त्यातील पाणीच क्षार वाहून नेते.

सफाईचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो :

१. शस्त्र रिकामे असल्याची खात्री करणे.
२. नळी, कोठी, बोल्टचे तोंड, दट्ट्या, सिलिंडर व नळीचे मुख गरम पाण्याने धुणे. लाकडी भाग पाण्यापासून दूर ठेवणे.
३. सर्व भाग पूर्ण कोरडे करणे.
४. त्यानंतरच तेल लावणे. क्षारावर तेल लावल्यास तेलाखालीही गंज वाढतो.
५. दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासणी करणे.

महाराष्ट्र व भारत

पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. तेथे तयार झालेल्या .३०३ काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे व निर्मितीचे वर्ष उमटवलेले असे. यांपैकी शिल्लक साठ्यातील काडतुसे परदेशी बाजारातही पोहोचली असून, तेथील नेमबाज ती क्षरणकारक म्हणून ओळखतात. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथे १९६४ मध्ये लहान शस्त्रांच्या काडतुसांसाठी दुसरा कारखाना सुरू झाला. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुणेस्थित सरकारी कंपनीच्या अधिपत्याखाली आहेत.

भारतात .३०३ वा ७.६२ मिमी व्यासाची लष्करी काडतुसे डागू शकणाऱ्या बोल्ट व अर्धस्वयंचलित रायफली शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीनुसार निषिद्ध वर्गात मोडतात. त्यामुळे नागरी नेमबाजांपुढे हा प्रश्न सहसा येत नाही. सरकारी शस्त्रागारे व ऐतिहासिक शस्त्रांचे जतन यांच्या दृष्टीने मात्र तो महत्त्वाचा आहे.

क्षरणरहित प्राइमर

१९२० च्या दशकाअखेरीस जर्मनीत लेड स्टिफनेट व बेरियम नायट्रेट यांवर आधारित ‘सिनॉक्सिड’ प्राइमर प्रचारात आला. अमेरिकन सैन्याने १९५० च्या दशकात बहुतेक काडतुसांसाठी असे मिश्रण स्वीकारले. सोव्हिएत संघ व त्याच्या धर्तीवर शस्त्रे बनवणाऱ्या देशांनी मात्र दीर्घ साठवणुकीतील खात्रीमुळे क्लोरेटचा वापर पुढेही बराच काळ चालू ठेवला. काडतूस कोणत्या प्रकारचे आहे हे केवळ बाह्यरूपावरून नेहमी सांगता येत नाही. म्हणून मूळ अज्ञात असलेले जुने लष्करी काडतूस क्षरणकारकच आहे असे गृहीत धरून सफाई करण्याची शिफारस केली जाते.