शेवटी लावलेली केस

सकाळी ६.४५
मिरजेतलं हाडांचं हॉस्पिटल. वॉर्डबॉयला इथं मामा म्हणतात. मामा ऑटोक्लेव्हमधून पेट्या काढतात. छिन्न्या, हातोडी, करवतीची पाती. पेट्या कंपनीच्या, भाड्याच्या. ओझं मात्र मामांच्या मनगटांवर.
बोर्डावर चार केसेस. अथणीच्या आजी शेवटी. पू असला की केस शेवटीच लागते, मागाहून सगळं थिएटर धुवायचं असतं.

९.३०
आजींचा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललेला. आता कातडीला भोक पडून पू येतोय. सुरुवातीच्या तीन-चार आठवड्यांत आले असते, तर धुऊन, मधलं प्लास्टिक तेवढं बदलून निभावलं असतं. हॅम्बुर्गमध्ये १९७०च्या दशकापासून जुना सांधा काढून त्याच बैठकीत नवा बसवतात. पण त्याला जंतू आधी ओळखलेला लागतो. आजींच्या गुडघ्यातल्या पाण्याच्या तपासणीत काहीच उगवलं नाही. म्हणून दोन ऑपरेशनं: आज जुना काढायचा, नवा नंतर.
मुलगा काउंटरवर. २०१७मध्ये सरकारनं दर बांधले तेव्हा साध्या सांध्याला ५४,७२० होते, दुसऱ्यांदा बसवायच्या सांध्याला १,१३,९५०. कर वेगळा. उसाचं बिल अजून जमा नाही.

दुपारी १.१५
पंधरा दिवस अँटिबायोटिक बंद ठेवलंय, नाहीतर जंतू लपतात. गुडघ्याच्या आतले पाच तुकडे, पाच बाटल्या. दर वेळी नवं ब्लेड, नवा चिमटा. सिस्टर नंबर पुकारतात. बाटल्या घेऊन मामा लॅबकडे पळतात.

१.४०
आता खरं काम. धातू आणि त्याला हाडाशी धरणारं सिमेंट यांच्या मध्ये पातळ छिन्नी. टक, टक, थांब. जोर केला तर सिमेंटबरोबर हाडही येतं, मग पुढच्या वेळी सांधा कशावर बसवणार? बसवण्यापेक्षा काढायला जास्त वेळ लागतो. डॉक्टरांचा गाऊन पाठीला चिकटलाय. कोणी बोलत नाही.
मग नऊ लिटर सलाईन. मामा बादल्या बदलतात.

३.२०
सिमेंटच्या ४० ग्रॅमच्या दोन पुड्या, व्हॅन्कोमायसिनच्या चार बाटल्या. उग्र वास. ग्लोव्हला चिकटायचं थांबेपर्यंत सिस्टर वाट बघतात. पोकळीत हा तात्पुरता गुडघा बसतो, आतल्या आत औषध सोडत राहतो.

५.१०
"सहा आठवडे इथंच?" मुलगा विचारतो.
"अँटिबायोटिकच्या सुया अथणीतही देतील," सिस्टर म्हणतात. "दर आठवड्याला रक्त तपासा. आणि आजींना त्या पायावर जोर टाकू देऊ नका."
मावशी फरशी धुतात. कंपनीचा पोरगा पेट्या मोजतो. एक छिन्नी कमी. मामा हिरव्या कापडांचा ढीग पुन्हा उपसतात. सापडते. पोरगा सही घेतो.