काचपेटीतला समुद्र : कोणाचे कोणाशी जमते?



कामगार चळवळीतला मनुष्य व्यासपीठावर आला म्हणजे तो महागाई भत्त्यावर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते आणि ती बहुधा खरी ठरते. आज मात्र मी खाऱ्या पाण्याच्या काचपेटीविषयी बोलणार आहे. हा छंद आता आपल्या शहरांतही आला आहे. दुकानात दिव्याखाली निळे-पिवळे मासे चमकत असतात, मुले हट्ट धरतात आणि गृहस्थ पाच रंगांचे पाच मासे व एखादे पोवळे घेऊन घरी येतो. महिन्याभरात त्यांतले दोन उरतात. दुकानदार म्हणतो, पाणी बिघडले. पुष्कळदा पाणी ठीक असते. मुळात निवडच चुकलेली असते. ती कशी करावी, एवढेच आज सांगावयाचे आहे. मी शाळा लवकर सोडलेला मनुष्य. वाचनालयातील पुस्तकांतून आणि पेटीसमोर बसून जेवढे उमगले, तेवढेच मांडतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. समुद्रात दोन माशांचे भांडण झाले तर हरलेला पळून जातो आणि भांडण तेथेच संपते. पेटीत पळावयास जागा नसते. हरलेला डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून जिंकलेलाही थांबत नाही. समुद्रात जो स्वभाव जीव राखण्यासाठी असतो, तोच चार भिंतींत दुसऱ्याचा जीव घेतो. म्हणून कोणाचे कोणाशी जमेल हा प्रश्न मासा विकत घेण्यापूर्वी सोडवावयाचा असतो.

उदाहरणासाठी तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी पेटी धरू. तीत सुमारे 190 लिटर पाणी मावते. खडक व वाळू घातल्यावर त्याहून कमी. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार असावेत, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास भरते. उष्णमान 25-26 अंश ठीक. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ते 30 च्या वर जाते. पाण्यावर पंखा सोडला तर उतरते. मात्र उडून जाते ते केवळ पाणी, मीठ मागेच राहते. तेव्हा भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. वीज गेली की पंप थांबतो आणि पाण्यातला प्राणवायू घटू लागतो, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात ठेवावा.

या पेटीतले पहिले रहिवासी मासे नव्हेत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ कमी घातक. हे जिवाणू खडकावर व वाळूत वस्ती करतात आणि ती जमावयास चार ते सहा आठवडे लागतात. ज्यांचे नाव कोणी घेत नाही, पण ज्यांच्यावाचून कारखाना एक दिवस चालत नाही, असे हे कामगार. इंडोनेशियातील ली चिन एंग या गृहस्थांनी 1961 साली आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातला जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे, एवढ्यावर त्यांनी पोवळी जगविली होती. त्यांचा सारा भार या न दिसणाऱ्या वस्तीवरच होता.

आता माशांकडे वळू. प्रत्येक माशाविषयी तीन गोष्टी विचाराव्यात : त्याचे तोंड, त्याची जागा आणि त्याचे ताट.

तोंडाचा नियम सोपा आहे. जो तोंडात मावतो, तो खाद्य. लायन फिश संथ व देखणा दिसतो, पण लहान मासा व कोळंबी तो एका घोटात गिळतो. दुकानात बोटभर दिसणारा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होईल, हे पाहून हिशेब करावा. पोवळ्यांच्या पेटीत आणखी एक पथ्य आहे. फुलपाखरू माशांच्या पुष्कळ जाती पोवळ्याचे जिवंत मांस टोचून खातात. ट्रिगर मासा आणि कोकणात ज्याला केंड म्हणतात तो फुगणारा मासा शंख, खेकडे व पोवळी यांतले काही शिल्लक ठेवीत नाहीत.

जागेचे भांडण बहुधा आपल्यासारख्याच माशाशी होते. ज्याला तीच कपार व तेच खाद्य हवे, तो वैरी. निळा डॅमसेल दोन इंचांचा, स्वस्त आणि चिवट. म्हणून नवशिका तोच आधी सोडतो, आणि तो साऱ्या पेटीवर हक्क सांगून बसतो. टँग माशाला पोहावयास लांब जागा लागते. त्याच्या शेपटीच्या मुळाशी चाकूसारखा काटा असतो आणि आपल्याच आकाराच्या दुसऱ्या टँगवर तो वापरतो. आपल्या तीन फुटी पेटीत त्याला घेऊ नये. क्लाउन माशाची तऱ्हा और आहे. हे मासे आधी नर असतात. जोडीतला मोठा व वरचढ असतो तो मादी होतो. म्हणून दोन लहान पिले एकत्र घ्यावीत, त्यांचे आपोआप जमते. दोन जोड्या मात्र या पेटीत नांदणार नाहीत.

ताटाचे उदाहरण मँडरिन माशाचे. स्वभावाने तो गरीब, दुसऱ्या जातीच्या माशांशी सहसा भांडत नाही. पण दिवसभर खडकावरचे सूक्ष्म कवचधारी जीव टिपून जगतो. लहान पेटीतले जीव काही आठवड्यांत संपतात आणि भरल्या पेटीत तो उपाशी मरतो.

पोवळ्यांकडे पाहिले तर वाटते, ही तर फुले! वस्तुतः ते प्राणी आहेत. बहुतेकांच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उजेडावर साखर तयार करून पोवळ्याला देते, आणि पोवळे त्याला आसरा व आपले टाकाऊ द्रव्य देते. म्हणून त्यांना चांगला प्रकाश लागतो. पण हा भागीदार शेजाऱ्याशी तसा वागत नाही. गॅलॅक्सिआ नावाचे पोवळे रात्री लांब दंशतंतू सोडून वीतभर अंतरावरच्या पोवळ्यालाही जाळते. चामड्यासारखी मऊ पोवळी पाण्यात अशी द्रव्ये सोडतात की दगडी पोवळ्यांची वाढ खुंटते. तेव्हा दोघांत वीतभराहून अधिक अंतर ठेवावे, आणि मऊ व दगडी यांची सरमिसळ टाळावी. समुद्रपुष्प तर पेटीत फिरते आणि वाटेत भेटेल त्याला डसते. पेटी मुरल्यावाचून ते टिकतही नाही. क्लाउन माशाला समुद्रात त्याचा आसरा लागतो. पेटीत शत्रू नसल्यामुळे तो त्याच्यावाचून सुखाने राहतो. झोअँथिड जातीच्या काही पोवळ्यांत माणसालाही घातक असे विष असते. त्यांना हातमोज्यांनीच हाताळावे आणि ज्यावर ती वाढली तो दगड कधीही उकळू नये.

नवा मासा आणल्यावर त्याला चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर त्यावरचे तांब्याचे औषध माशाला बरे करते, पण पोवळे, शंख व कोळंबी यांना मारते. म्हणून मोठ्या पेटीत ते घालता येत नाही.

येथपर्यंत पेटीच्या आतला हिशेब झाला. बाहेरचाही एक आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली लोकांसाठी मत्स्यालय उघडले, आणि फिलिप हेन्री गॉस यांनी 1854 साली या विषयावर पुस्तक लिहिले. मग छंदाची अशी लाट आली की लोकांनी इंग्लंडचे किनारे खरवडून काढले. त्यांचे पुत्र एडमंड यांनी 1907 साली आत्मचरित्रात त्या ओसाड खडकांबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. फिलिपिन्समध्ये 1960 नंतरच्या दशकात सायनाइडचे पाणी खडकांत फवारून मासे गुंगविण्याची रीत पडली. त्याने पोवळे मरते, आणि वाचलेला मासाही पुष्कळदा काही आठवड्यांनी मरतो. बोटीवरच्या कॉम्प्रेसरची नळी तोंडात धरून खोल उतरणारे तेथील पाणबुडे घाईने वर आले की त्यांच्या रक्तात वायूचे बुडबुडे होतात. कित्येक पांगळे झाले आहेत. आपल्या दिवाणखान्यातल्या रंगामागे कोणाचे तरी अंग मोडलेले असू शकते, हे कामगारांत वावरणाऱ्याला विसरता येत नाही.

आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली सर्व दगडी पोवळी, समुद्रपंखे व समुद्रघोडे यांना 2001 पासून संरक्षण आहे. मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती पोवळी आहेत, आणि तेथे 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेथला वा इतर कोणत्याही किनाऱ्यावरचा जिवंत खडक उचलून आणू नये. भाजलेल्या मातीचा कृत्रिम खडक जिवाणूंना तितकाच चालतो.

तेव्हा आपल्या पेटीसाठी माझी यादी छोटी आहे : पैदास केंद्रात जन्मलेली क्लाउन माशांची एक जोडी, तशीच बांगाई कार्डिनलची एक नर-मादी, एक गोबी व त्याच्या सोबतीला बीळ खणणारी कोळंबी. ही कोळंबी अधू नजरेची. ती बीळ खणते, गोबी दारात पहारा करतो, आणि तिची मिशी सतत त्याच्या अंगाला टेकलेली असते. बांगाई मासा मूळचा सुलावेसीजवळच्या थोड्या बेटांवरचा आणि पकडीने घटलेला, म्हणून तो पैदाशीचाच हवा. आधी गोबी, मग कार्डिनल, आणि जागेसाठी भांडणारे क्लाउन शेवटी सोडावेत. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउन माशांच्या पैदाशीचे तंत्र बसविले आहे, त्यामुळे असे मासे मिळणे अशक्य नाही.

दुकानात गेल्यावर चार प्रश्न विचारावेत. हा मासा कोठे जन्मला? पूर्ण वाढल्यावर केवढा होईल? आता काय खातो, ते दाखवाल काय? पावती मिळेल काय? उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशात ठेवून घरी यावे. खडक, वाळू आणि वाहते पाणी एवढेच असलेली पेटी आणखी महिनाभर तशीच राहिली तर कोणाचेही बिघडत नाही.