एसएमपीएस बदलला आणि संगणक मुका झाला

घरांतील संगणकास नवें ग्राफिक्स कार्ड बसवावयाचें ठरलें, म्हणजे जुना एसएमपीएस पुष्कळदां अपुरा पडतो व अधिक वॅटचा नवा आणावा लागतो. चिरंजीव उत्साहानें कॅबिनेट उघडतात, जुना काढतात, नवा बसवितात आणि कळ दाबतात. पंखा क्षणभर हालतो आणि थांबतो. दुकानांत नेल्यास ‘मदरबोर्ड गेला’ हें उत्तर बहुधा तयारच असतें. वाचकांनीं त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वीं थोडा धीर धरावा, अशी आमची विनंति आहे.

मदरबोर्डास २४ पिनांच्या मुख्य जोडाखेरीज प्रोसेसरसाठीं ४ किंवा ८ पिनांचा निराळा जोड लागतो. तो वरच्या कोपऱ्यांत दडलेला असल्यामुळें सहज राहून जातो. ग्राफिक्स कार्डाचा जोड दिसावयास तसाच, पण त्याची मांडणी उलट; एकाच्या जागीं दुसरा बळानें दडपूं नये. हाताच्या धक्क्यानें रॅमची पट्टी सैल होते, अथवा कळीची बारीक तार निसटते. हें सर्व पाहण्यास पैसा पडत नाहीं.

खरा घात मात्र केबलींत असतो. हल्लींच्या अनेक एसएमपीएसच्या केबली सुट्या करतां येतात. जुन्या केबली कॅबिनेटमध्यें नीट बांधलेल्या असतात; त्या कशाला सोडावयाच्या, टोंकें नव्या पेटींत खोंवलीं कीं झालें, असें काटकसरी मनास वाटतें. टोंकें बसतातही चपखल! पण झांकण बसलें म्हणून तें त्याच डब्याचें, असें आमच्या गृहिणी कधीं मानीत नाहींत. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें एटीएक्स पद्धति आखली, तेव्हां मदरबोर्डाकडील जोड ठरला. हार्ड डिस्ककडीलही ठरलेलाच आहे. एसएमपीएसकडील टोंकास मात्र असा सर्वमान्य नियम नाहीं. प्रत्येक कारखाना, किंबहुना एकाच कारखान्याच्या दोन जाती, आपापली मांडणी करितात. पूर्वीं पिवळी तार १२ व्होल्टची, तांबडी ५ व्होल्टची, असें डोळ्यांनीं ओळखतां येई. आतां बहुतेक केबलींत सगळ्याच काळ्या. मग ५ व्होल्टच्या वाटेनें १२ व्होल्ट शिरतात, आणि जिच्यावर मुंजीचीं, लग्नाचीं, दिवंगत आजोबांचीं छायाचित्रें असतात ती डिस्क क्षणांत बंद पडते.

पुष्कळ डिस्कांत टीव्हीएस डायोड नांवाचा चिमुकला पहारेकरी असतो. व्होल्ट वाढतांच तो स्वतः जळून शॉर्ट सर्किट करितो, आणि तें ओळखून एसएमपीएस आपण होऊन थांबतो. यास्तव भिंतींतील प्लग काढून सर्व डिस्का सोडवाव्या; मदरबोर्ड, प्रोसेसर व रॅमची एकच पट्टी ठेवून, नव्या पेटीबरोबर आलेल्याच केबलींनीं पुन्हां प्रयत्न करावा. यंत्र सुरू झालें तर मदरबोर्ड बहुधा शाबूत आहे, दोष डिस्कचा.

अशी डिस्क पुन्हां जोडून पाहूं नये. आंतील तबकड्या बहुधा सुरक्षित असतात. तशाच जातीच्या दुसऱ्या डिस्कचें सर्किट बसवूनही सहसा भागत नाहीं. प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी तिच्या सर्किटवरील एका चिपमध्यें नोंदलेली असते व ती चिपही हलवावी लागते. हें काम जाणत्या कारागिराचें. एसएसडी असल्यास काम याहून अवघड. एसएमपीएसची पेटी तर घरीं मुळींच उघडूं नये, कारण प्लग काढल्यावरही आंतील कपॅसिटरांत वीज सांठून राहते. जुना एसएमपीएस ठेवावयाचा असल्यास त्याच्या सर्व केबली त्याच्याच खोक्यांत घालाव्या, आणि वर कारखान्याचें व जातीचें नांव शाईनें लिहावें.