मूल्य बहुमितीय ॲरेसारखे वागते काय? : आज्ञावलीतील पडताळणीचे निकष

प्रस्तावना : नाशिकजवळील अंबड औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात 3 यंत्रे, 2 पाळ्या व प्रत्येक पाळीत सुट्या भागाची 5 मोजमापे नोंदविली जातात असे मानल्यास 30 आकड्यांची त्रिमितीय मांडणी तयार होते. ही मांडणी खरोखर बहुमितीय ॲरे आहे काय, हे गणनेपूर्वी तपासणे अगत्याचे ठरते. पायथन भाषेतील यादीला आकाराचे बंधन नसते. एक मोजमाप नोंदवायचे राहिल्यास ती 29 आकडेही निमूटपणे स्वीकारते. त्यांच्या बेरजेला 30 ने भागल्यास सरासरी चुकते आणि सदोष माल निर्दोष ठरण्याचा संभव निर्माण होतो.

वरवरच्या निकषांच्या मर्यादा : ज्याला लांबी आहे व ज्याचा घटक क्रमांकाने मिळतो तो ॲरे, हा निकष अपुरा आहे. 'अंबड' या शब्दाची पायथनमधील लांबी 4 येते, कारण अनुस्वार स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजला जातो. त्याचा पहिला घटक 'अ'. त्या 'अ'चा पहिला घटक पुन्हा 'अ'च. अशा रीतीने मिती मोजू गेल्यास गणना कधीच संपत नाही. याउलट केवळ नमपायच्या वर्गाचेच मूल्य स्वीकारल्यास डास्क, क्यूपाय यांचे योग्य ॲरेही नाकारले जातात.

वर्तनाधिष्ठित निकष : म्हणून मूल्याच्या कुळापेक्षा त्याचे वर्तन पाहिले जाते. एक्सॲरे या ग्रंथालयात मितिसंख्या, आकार व घटकप्रकार हे तीन गुणधर्म आणि त्यासोबत नमपायच्या क्रियांना प्रतिसाद देण्याचे संकेत तपासले जातात. यांपैकी एक संकेत नमपाय 1.17 (2019) पासून नेहमीच्या वापरात आला. पांडाजच्या तक्त्याला मितिसंख्या व आकार असतो. परंतु स्तंभागणिक प्रकार भिन्न असू शकत असल्याने संपूर्ण तक्त्याचा एकच घटकप्रकार नसतो. त्यामुळे तो या कसोटीस उतरत नाही.

निष्कर्ष : गुणधर्मांचे अस्तित्व ही पहिली पायरी होय, आकार 3, 2, 5 असाच आहे काय, ही दुसरी. नमपाय 1.24 (2022) पासून विषम लांबीच्या याद्यांचा ॲरे करू जाता, घटकप्रकार मुद्दाम 'ऑब्जेक्ट' असा न दिल्यास, त्रुटी दर्शविली जाते. राहिलेल्या जागी 'नॅन' हे चिन्ह ठेवल्यास आकार टिकतो आणि साधी सरासरीही 'नॅन' येते. उणीव झाकली जात नाही. विद्यार्थ्यांना सूत्रांपूर्वी ही पडताळणी शिकविणे म्हणूनच श्रेयस्कर होय.