ब्रिजमधील अडवणुकीची बोली

उपनगरांतून सकाळीं सुटणाऱ्या लोकलगाडींत चार भिडू मांडीवर पिशवी आडवी ठेवून पत्ते मांडतात, हें बोरिवली-मुलुंडकडील प्रवाशांच्या परिचयाचें दृश्य आहे. बाकावर रुमाल टाकून जागा धरण्याची रीतही त्यांना ठाऊक असते. ब्रिजच्या खेळांत या रुमालासारखीच एक बोली आहे. ती केव्हां टाकावी, याचें शास्त्र मात्र आंकड्यांचें आहे.

ब्रिजमधील बोली म्हणजे भिडूंचा सांकेतिक संवाद. आपल्या तेरा पानांत काय आहे, हें पत्ते न दाखवितां सांगण्याचें तें साधन. ही बोली एक किलवरपासून पायरीपायरीनें वर चढते. ज्याच्या हातीं चांगलीं पानें आहेत, त्याला या पायऱ्या हव्या असतात. म्हणून ज्याच्या हातीं तीं नाहींत त्यानें पायऱ्याच काढून घ्याव्यात, हें अडवणुकीचें तत्त्व. पहिल्याच खेळाडूनें ‘तीन बदाम’ म्हटलें कीं, खालच्या बारा व ती स्वतः मिळून तेरा बोली एका उच्चारानें संपतात.

समजा, एकाच्या हातीं बदामाचीं सात पानें आलीं: राजा, राणी, गुलाम, नव्वी, अठ्ठी आणि दोन लहान. बाकीच्या सहा पानांत एक्का नाहीं व चित्रही नाहीं. बदाम हुकूम ठरल्यास हीं पानें बहुधा सहा दस्त करतील. दुसरा रंग हुकूम झाल्यास एखादाच, किंवा तोही नाहीं. चढाईला समर्थ व बचावाला निरुपयोगी, अशींच पानें या बोलीला योग्य होत.

‘तीन बदाम’ म्हणजे नऊ दस्तांची हमी. भिडूची कांहींच मदत झाली नाहीं, तर तीन दस्त कमी पडतील आणि प्रतिपक्षानें ‘डबल’ दिल्यास 500 गुणांचा दंड बसेल. आतां नियमानें कांहीं डावांत एखाद्या पक्षाचा दंड व बक्षीस दोन्ही वाढविलेलीं असतात; अशा पक्षाला ‘व्हल्नरेबल’ म्हणतात. प्रतिपक्ष तसा असेल, तर ‘चार इस्पिक’ पुरे करून त्याला 620 गुण मिळाले असते. 500 देऊन 620 वांचविणें हा किफायतीचा सौदा. उलट स्वपक्ष एकटाच व्हल्नरेबल असतां तेच तीन दस्त 800 गुणांना पडतात, आणि वांचतात अवघे 420. एली कल्बर्टसन यांच्या नांवाशीं जोडलेला ‘दोन-तीनचा नियम’ याच हिशेबाचा आहे: व्हल्नरेबल असतांना दोन दस्तांची तूट पत्करावी, नसतांना तीन. दोहोंचा दंड 500 च.

बसण्याची जागाही पाहावी लागते. पहिल्यानें बोलणाऱ्याच्या पुढें दोन प्रतिपक्षी व एक भिडू असतो; म्हणजे वाट अडलीच तर ती प्रतिपक्षाची अडण्याचा संभव दुप्पट. दुसऱ्या जागेवर एक प्रतिपक्षी ‘पास’ म्हणून गेलेला असतो, म्हणून आपल्याच भिडूची कोंडी होण्याची भीति वाढते. तेथें पानें चोख हवींत. तिसरी जागा सर्वांत अनुकूल. भिडू पास झालेला आहे आणि बळ बहुधा शेवटच्या प्रतिपक्षाकडे आहे. तेथें सहा पानांवरही धाडस शोभतें. चौथ्या जागेवर, तिघेही पास झाले असतां, अडवावयाचें कोणाला?

या धाडसाचा खरा पाया भिडूचा विश्वास होय. बाहेरच्या रंगांत एक्के असतांना ही बोली दिली, तर फसतो तो भिडूच. एकदां बोलल्यावर पुन्हां वर चढण्याचा मोहही टाळावा. आपलीं पानें सांगून झालीं, पुढील निर्णय समोरच्याचा. 2018 सालीं जकार्ता येथील एशियाई क्रीडास्पर्धेंत ब्रिजचा प्रथमच समावेश झाला. तेथें प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार यांनीं सुवर्णपदक मिळविलें, आणि मुंबईचे जग्गी शिवदासानी ज्या संघांत होते त्यानें कांस्यपदक. सुवर्णपदक मिळालें तें जोडीच्या स्पर्धेंत, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. प्रतिपक्षाला अंधारांत ठेवणारी बोली भिडूला मात्र उजेड देणारी असली पाहिजे.