पहिल्याचा डंका, मधल्याचं मोल

गेल्या सप्टेंबरात एका दैनिकानं पहिल्या पानावर थिरथिऱ्याचा फोटो छापला. मथळा होता, हिवाळी पाहुणे यंदा पंधरवडाभर आधीच दाखल! पुरावा काय, तर सिंहगडाच्या पायथ्याशी रविवारी कुणा हौशी छायाचित्रकाराला दिसलेला एकच एक नर. एवढ्यावर हवामानबदलाचा निकाल लावून बातमीदार मोकळा. दुपारपर्यंत ते कात्रण फोनवरच्या साऱ्या गटांत फिरून झालं आणि जाणती माणसंही त्यावर अंगठे उंचावत बसली. देशभरच्या पक्षिनिरीक्षकांनी स्थलांतराच्या तारखा एकत्र लिहायला घेतल्या, त्याला आता दोन दशकं होत आली. तेवढ्यात आपण काय शिकलो, हे एकदा तपासायलाच हवं.

अशा नोंदी काही नव्या नाहीत. इंग्लंडात नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शमनं 1736 पासून वसंताच्या खुणांच्या तारखा टिपल्या आणि त्याच्या वंशजांनी ते काम 1958 पर्यंत चालवलं. आपल्याकडे सालिम अलींच्या पुढाकारानं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं (बीएनएचएस) 1959 पासून पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवण्याचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. पक्षी कुठून कुठं जातात, याची उत्तरं त्यातून मिळू लागली. कधी येतात, हे मात्र जुन्या मंडळींच्या आठवणीवर सोडलेलं. 'धोबी गणपतीत, थिरथिरा दसऱ्याला' असा एकूण हिशेब. दसराच कधी सप्टेंबरअखेरीस येतो, तर कधी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, हे कुणाच्या गावी नसे.

मग जुलै 2007 मध्ये 'मायग्रंटवॉच' सुरू झालं. बंगळुरूचं नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस आणि 'इंडियन बर्ड्स' हे नियतकालिक त्यामागं होतं. सुरुवातीला जाती नऊच, आणि त्यांत करडा धोबी, थिरथिरा, हिरवट पर्णवटवट्या, भोरडी असे आमच्या ओळखीचे. काम साधं: यंदा हा पक्षी तुम्हाला प्रथम कधी दिसला, ते कळवा. पुढची आठ-दहा वर्षं आमच्यासारख्यांनी अक्षरशः या कामात घालवली.

त्यातला पर्णवटवट्या माझा लाडका. चिमणीहून लहान, रंगानं पानासारखाच, पंखावर एक फिकट पट्टी. तीही उजेड बरा असेल तर दिसायची. झाडाच्या शेंड्यात एका जागी दोन सेकंद टिकेल तर शपथ. पण 'चिस्वी' अशी दोन अक्षरी हाक ऐकू आली, की मान वर करण्याआधी वहीत तारीख पडे. त्याआधीच्या पानांवर मात्र रकान्यात नुसतं 'नाही, नाही, नाही'. तारीख, वेळ, किती वाजेपर्यंत थांबलो, ढग होते का, आणि शेवटी 'नाही'. दिवाळीनंतर आलेखाच्या कागदावर आडव्या रेघेवर वर्षं, उभ्या रेघेवर दिवस, असे ठिपके मांडायचे आणि त्यांतून पट्टीनं रेघ ओढायची. रेघ खाली झुकली तर पक्षी लवकर येतायत, वर चढली तर उशिरा.

तेव्हाही टोमणे मारणारे होतेच. 'पक्षी बघायला येता की पाढे म्हणायला?' असं एक ज्येष्ठ चारचौघांत विचारत. एका मंडळानं तर वर्षातल्या पहिल्या नोंदीला बक्षीस ठेवलं. झालं! दरवर्षी तारीख अलीकडे सरकू लागली. पक्षी तेच, उत्साह वाढलेला. आमच्यातल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी तेव्हाच एका बैठकीत बजावलं होतं, की पहिली तारीख म्हणजे टोकाचा आकडा, आणि टोकाचा आकडा बघणाऱ्यांच्या संख्येवर नाचतो. दहाऐवजी शंभरजण दुर्बिणी घेऊन निघाले तर पहिला पक्षी आधी सापडणारच. शिवाय निम्म्या नोंदी रविवारच्या, कारण माणसांना सुट्टी रविवारी. प्राध्यापकांना त्या बैठकीत कुणी चहासुद्धा विचारला नाही.

त्यांचा उपाय शाळकरी होता. सगळ्या नोंदींच्या तारखा क्रमानं लावा आणि बरोबर मधली उचला. एखादा आगाऊ पक्षी महिनाभर आधी आला, तरी मधली तारीख जागची हलत नाही. पुढं धावत आलेल्या एका वारकऱ्यावरून पालखी पोचली असं आपण म्हणत नाही, तेवढंच हे.

2008 मध्ये अमेरिकेतून आलेल्या एका अभ्यासानं त्यांची बाजू सिद्धच केली. मॅसॅच्युसेट्समधल्या मॅनोमेट इथं जाळ्यात धरलेल्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या 32 जातींच्या 1970 ते 2002 या काळातल्या नोंदी तपासल्या, तर पहिल्या आगमनाची तारीख दर दशकात सरासरी 0.20 दिवसांनी पुढे ढकललेली, आणि साऱ्या थव्याची सरासरी तारीख 0.78 दिवसांनी अलीकडे आलेली. जाळी तीच, पक्षी तेच, निष्कर्ष उलटे. कारण मुख्यतः एकच: पक्षी घटले होते. घटलेल्या थव्यातला पहिला पक्षी गाठायला उशीर लागतो, आणि आपण समजतो की तोच उशिरा आला. जर्मनीच्या हेलगोलँड बेटावर 1960 ते 2000 या काळातल्या सरासरी तारखा पाहिल्या, तेव्हा 24 जातींपैकी बहुतेक वर्षाला 0.05 ते 0.28 दिवसांनी अलीकडे सरकलेल्या आढळल्या. म्हणजे दशकाला फार तर तीन दिवस! आणि आमच्याकडे एका फोटोवर पंधरवडा.

पुढं मायग्रंटवॉचच्या नोंदी 'ईबर्ड' या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळात सामावल्या. हिशेबाच्या दृष्टीनं ते उत्तमच झालं. दिसलेला प्रत्येक पक्षी लिहिलेल्या पूर्ण याद्या घ्यायच्या, त्यांतल्या शेकडा किती याद्यांत थिरथिरा आहे ते आठवड्यागणिक मोजायचं. न दिसल्याचीही आपोआप नोंद होते. याच पद्धतीवर 2023 च्या 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवालानं दीर्घकालीन कल सांगता आलेल्या 338 जातींपैकी 204 घटल्याचं दाखवलं.

साधन सुधारलं आणि माणसं बिघडली, असं मात्र खेदानं म्हणावं लागतं. आता सिंहगडाच्या खोऱ्यात आडोसे बांधलेत, समोर पाण्याची कुंडी आणि अळ्यांचं आमिष. भाडं भरायचं, फोटो काढायचा, निघायचं. पर्णवटवट्याला तिथं कुणी विचारत नाही. तो फोटोत शोभत नाही ना! एकाच ओढ्यावर वर्षानुवर्षं जाणारे आमच्यातले निम्मे पांगले, काहींचे ओढेच बुजले. तरुणांपाशी याद्या पुष्कळ, पण आज इथल्या, उद्या तिथल्या, आणि पक्षी दिसला त्या दिवशीच्याच.

तेव्हा वर्तमानपत्रांना एक विनंती. 'लवकर आले' असं छापण्याआधी किती जणांनी, किती दिवस पाहिलं आणि मधली तारीख कोणती, एवढं विचारा. आणि वाचकहो, घराजवळचं एक झाड किंवा एक ओढा धरा. ऑगस्टपासून आठवड्यातल्या ठरल्या वारी, ठरल्या वेळी अर्धा तास जा आणि काही दिसलं नाही तरी लिहा. ती वही दहा वर्षांनी कुणाच्या तरी हिशेबाला उपयोगी पडेल. पहिल्या पानावरचा फोटो दिवाळीपर्यंतही कुणाला आठवत नाही.